माजघरातले राज्य : ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीच्या एका वाचनाची प्रस्तावना

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः प्रसिद्ध होऊन १८९३ साली ग्रंथरूपाने वाचकांच्या हाती आली, तेव्हापासून तिची गणना मराठीतील कौटुंबिक कादंबऱ्यांच्या अग्रभागी होत आली आहे. आणि मानाचे आसन एकदा कायमचे बहाल झाले म्हणजे ग्रंथाचे जे होते तेच तिचेही झाले, म्हणजे तिची स्तुती पुष्कळ झाली, परीक्षांत तिच्यावर प्रश्न पुष्कळ निघाले, आणि वाचन मात्र उत्तरोत्तर कमी होत गेले. ज्यांनी ती वाचली त्यांतील कित्येकांनी ती करुणरसाची कथा म्हणून डोळे पुसत वाचली, आणि कित्येकांनी एकोणिसाव्या शतकातील सुधारणेच्या चळवळीचा एक विश्वसनीय दस्तऐवज म्हणून टिपणे काढीत वाचली. या दोन्ही वाचनांना खोटे म्हणण्याचे कारण नाही. परंतु दोहोंच्या मुळाशी एक सोयीस्कर समजूत दडलेली असते, ती अशी की नायिका यमुना हिचे जे झाले ते झाले, केशवपन गेले, बालविवाह कायद्याने बंद झाला, मुली शिकल्या, आणि आता आपले काम फक्त हळहळण्याचे किंवा अभ्यास करण्याचे उरले आहे. प्रस्तुत वाचनाचा हेतू ही समजूत किंचित हलवावी एवढाच आहे, आणि त्यासाठी या जुन्या कौटुंबिक कादंबरीला सर्वस्वी निराळी, वरवर पाहता विजोड वाटणारी भिंगे लावून पाहावयाचे ठरवले आहे.

ती भिंगे डिस्टोपियाची. ज्या राज्यात प्रजेच्या कल्याणाच्या नावाखाली प्रजेचा श्वासही मोजून दिला जातो, ज्याच्या व्यवस्थेत फट नसते आणि ज्याच्या बाहेर पडावयाला वाट नसते, अशा काल्पनिक राज्याचे चित्र रंगवणाऱ्या कथेस हल्ली या नावाने ओळखतात. या शब्दाचा संबंध मूळचा कादंबरीशी नव्हताच. जॉन स्टुअर्ट मिल याने १८६८ साली ब्रिटिश पार्लमेंटात आयर्लंडच्या जमिनीच्या प्रश्नावर बोलताना सरकारच्या धोरणाला उद्देशून तो वापरला. आणि त्याच मिलने पुढच्याच वर्षी स्त्रियांच्या पारतंत्र्यावरील आपला निबंध प्रसिद्ध करून, कुटुंबातील नाते समतेचे नसेल तर घर ही जुलूम करावयास आणि सोसावयास शिकवणारी शाळा होते, अशा आशयाचे प्रतिपादन केले. पुण्यातील ज्या सुशिक्षित पिढीत आगरकरांसारखे लोक वाढले, ज्यांच्या हातून १८८८ साली ‘सुधारक’ निघाला, त्या पिढीने मिल अक्षरशः पारायणे करून वाचलेला होता, आणि हरिभाऊ हे त्याच पिढीचे अपत्य. तेव्हा दुष्ट राज्य आणि दुष्ट घर या दोन कल्पना एकाच लेखणीतून एका वर्षाच्या अंतराने उतरलेल्या आहेत, आणि त्या लेखणीचा वाचक पुण्यात बसून यमुनेची कहाणी लिहीत होता, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे आमची भिंगे वाटतात तितकी परकी राहत नाहीत.

युरोपातील या जातीच्या ज्या प्रख्यात कादंबऱ्या आहेत त्यांत घराची अवस्था काय होते हे आधी पाहिले पाहिजे. रशियन लेखक झाम्यातिन याने १९२० च्या सुमारास लिहिलेल्या ‘आम्ही’ या कादंबरीत माणसांना नावे नाहीत, आकडे आहेत, आणि ती ज्या घरांत राहतात त्यांच्या भिंती काचेच्या आहेत. पडदा ओढावयाचा तर त्याची चिठ्ठी घ्यावी लागते. हक्स्लेच्या १९३२ सालच्या जगात मुले बाटल्यांत वाढतात आणि ‘आई’ हा शब्द चारचौघांत उच्चारण्यासारखा राहिलेला नाही. ऑर्वेलच्या १९४९ सालच्या कादंबरीत पोटची मुलेच बापाविरुद्ध चुगली करावयाला तयार केली जातात, आणि नायकाला जे काही मानवी म्हणून आठवते ते आपल्या हरवलेल्या आईच्या कुशीपाशी जाऊन थांबते. या सर्वांत एक गृहीत समान आहे. घर हे माणुसकीचे शेवटचे आश्रयस्थान, आणि जुलमी राज्य त्याच्यावर घाला घालून ते फोडते. लेखकांना भय आहे ते उंबरठा ओलांडून आत येणाऱ्या सरकारचे.

आता हेच भिंग घेऊन यमुनेच्या घरात शिरावे, म्हणजे सर्व मांडणी उलटी झालेली दिसते. येथे सरकार उंबरठ्याबाहेर उभे आहे आणि आत येण्यास ते राजी नाही. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने रयतेच्या धर्मात ढवळाढवळ न करण्याचे अभिवचन दिले होते, आणि धर्म म्हणजे काय याची व्याख्या करण्याचे काम बहुतांशी घरातील कर्त्या पुरुषांकडे व त्यांच्या शास्त्रीबोवांकडे राहिले; परिणाम असा झाला की पेशवाईचा मुलूख गेला, किल्ले गेले, दफ्तर इनाम कमिशनच्या हाती गेले, पण माजघरावरचा अंमल होता तसा अबाधित राहिला, किंबहुना बाहेरची सत्ता हातची गेलेल्या माणसाने आतल्या सत्तेचा एकही दोर ढिला होऊ दिला नाही. आणि सरकार जेव्हा आत आलेच तेव्हा ते कोणाच्या बाजूने आले, हेही पाहण्यासारखे आहे. नवऱ्याकडे नांदावयास नकार देणाऱ्या रखमाबाईंच्या खटल्यात १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी, संमतीवाचून लावलेल्या लग्नाच्या आधारे स्त्रीला नवऱ्याच्या घरी जाण्याची सक्ती करता येणार नाही, असा निकाल दिला. तो अपिलात टिकला नाही, आणि १८८७ साली याच मुंबईच्या हायकोर्टाने त्यांना, नवऱ्याकडे नांदावयास जा नाहीतर सहा महिने कैद भोगा, असे फर्मावले. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्याने दहाची मर्यादा बारावर नेली तेव्हा पुण्यात जो गदारोळ झाला तो सर्वश्रुत आहे. हरिभाऊंची कादंबरी त्याच गदारोळाच्या काळातली. तेव्हा आपल्याकडील भीषण राज्य घर फोडणारे नाही. घर हेच ते राज्य आहे, आणि बाहेरचे सरकार म्हणजे गरज पडल्यास त्याला शिपाई पुरवणारी चौकी.

या राज्याची घडण कादंबरीत कोठेही कलमवार सांगितलेली नाही, आणि तिची खरी ताकद नेमकी याच गोष्टीत आहे. वाड्याची रचनाच बहुतेक बोलून जाते. पुढे ओटी, तेथे पुरुषांची बैठक. मध्ये माजघर, भर दुपारीही काळोखे. त्याच्या आत स्वयंपाकघर आणि देवघर. मागे परसू आणि विहीर. ओटीवर काय चालले आहे हे माजघराला फक्त आवाजावरून कळते, आणि माजघरात कोण काय बोलले हे ओटीला मात्र संध्याकाळपर्यंत अक्षरशः कळते. पुरुषांची पंगत उठल्यावाचून बायकांनी पानावर बसायचे नाही, वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायचे नाही, त्याचे नाव तर घ्यायचेच नाही, आणि सोवळ्याओवळ्याचा हिशेब दिवसभर मनात चालता ठेवायचा; हे सर्व हुकूम कोणी लिहून भिंतीवर लावलेले नसतात, पण सासरी आलेल्या पोरीला ते आठ दिवसांत तोंडपाठ होतात, कारण चुकले म्हणजे शब्द बसतो आणि तो शब्द तिच्या माहेरापर्यंत पोचतो. झाम्यातिनला काचेच्या भिंती कल्पाव्या लागल्या. पुण्याच्या वाड्यात मातीच्या भिंतींतूनही तेवढेच दिसत होते.

यमुनेच्या माहेरच्या प्रकरणांत वडिलांची जी धास्ती आहे तिच्याकडे वाचकाने थोडे रेंगाळून पाहावे अशी माझी विनंती आहे. ते दुष्ट नाहीत. ते कोणाला कोंडून ठेवीत नाहीत, उपाशी मारीत नाहीत. पण त्यांची मर्जी हाच त्या घराचा कायदा आहे, आणि ती मर्जी आज कोणत्या बाजूला झुकली आहे याचा अंदाज घेण्यात आईचा आणि पोरांचा सारा जीव गुंतलेला असतो. आईने कोणत्या वेळी कोणता विषय काढावा, काय गिळावे, पोरांना कोणत्या खुणेने गप्प करावे, हे सर्व मुलीच्या नजरेतून येते, आणि मूल म्हणून ती त्याला जुलूम असे नावही देत नाही. तिच्या लेखी जग असेच असते. उत्तम डिस्टोपियाचे हेच लक्षण आहे. ज्या कथेत पात्रे सारखी ‘आम्ही गुलाम आहोत’ म्हणून हंबरडा फोडतात ती कथा उथळ. ज्या कथेत गुलामी ही हवेसारखी झालेली असते आणि वाचकालाच गुदमरू लागते, ती खरी. हरिभाऊंनी ही गोष्ट या जातीच्या कादंबरीचे नाव निघण्यापूर्वी साधली, आणि तीही एका मुलीच्या तोंडच्या भाषेत, हे त्यांचे मोठेपण माझ्या मते आपल्या समीक्षेने पुरेसे ओळखलेले नाही.

या राज्याचे एक वैशिष्ट्य तर असे आहे की त्याच्याशी तुलना करता ऑर्वेलची व्यवस्था ठिसूळ वाटावी. ऑर्वेलचा छळ करणारा अधिकारी छळ होणाऱ्याच्या जागी कधी उभा नव्हता, आणि छळ होणारा कधी अधिकारी होणार नाही. म्हणून त्या राज्याला पोलीस पोसावे लागतात. घराच्या राज्यात मात्र कैद्याला बढती मिळते. आज जी सून आहे ती मुलगा झाला, वय वाढले, दोन-चार मरणे घरात घडली, म्हणजे आपोआप सासू होते; ज्या तोंडाने तिने पंचवीस वर्षे निमूटपणे शब्द गिळले त्याच तोंडाने ती पुढच्या सुनेला शब्द लावते, आणि त्यात तिला अन्याय वाटत नाही, हक्काची वहिवाट वाटते. बाहेरचा पहारेकरी नेमण्याची गरजच उरत नाही. रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत या वहिवाटीची जबानी प्रत्यक्ष साक्षीदाराच्या मुखाने आलेली आहे: नवरा न्यायाधीश, सुधारणेचा अध्वर्यू, बायकोने शिकावे म्हणून आग्रही, आणि तरी घरातल्या वडील बायकांनी तिच्या इंग्रजी शिकण्यावर जो बहिष्कार घातला, जी टोचून बोलणी तिने रोज ऐकली, त्यांच्यापुढे त्या न्यायाधीशाचा अधिकार दिवाणखान्याच्या दारातच संपत होता. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’तील वडिलांचे सोवळे आठवावे. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यायची नाही, या एका वेडापायी सारे घर अष्टौप्रहर वेठीस धरले गेले होते. लक्ष्मीबाई ते हसत सांगतात, म्हणून आपणही हसतो. पण त्यांचे हसू बाजूला ठेवून तोच मजकूर वाचला तर अंगावर काटा येतो.

येथे मार्गारेट अॅटवूड या कॅनडातील लेखिकेने स्वतःवर घालून घेतलेला एक निर्बंध सांगण्यासारखा आहे. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘द हँडमेड्स टेल’ या कादंबरीत स्त्रियांना वाचण्याची बंदी आहे, त्यांना स्वतःचे नाव नाही, आणि त्यांचे शरीर राज्याच्या मालकीचे आहे. परंतु मानवी इतिहासात कोठे ना कोठे घडून गेलेले नाही असे काहीही आपण त्यात घालणार नाही, हा त्यांचा दंडक होता. त्या कादंबरीतील वाचनबंदीने पाश्चात्त्य वाचक हादरला. मराठी वाचकाला ती वार्ता जुनी वाटावी, कारण बायकोने हाती पुस्तक धरले तर नवरा मरतो ही समजूत आपल्या पणज्यांच्या काळात घरोघर नांदत होती. यमुना वाचायला शिकली आणि पुढे विधवा झाली. ज्या समाजाला अशा समजुतीत राहायचे आहे त्याला याहून सबळ पुरावा कोणता हवा असतो? लग्नाबरोबर मुलीचे नाव बदलण्याची चाल तर आजही अनेक घरांत हौसेने पाळली जाते, आणि ती पाळताना तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने जे लिहिले जाते ते जुने नाव पुसण्यासाठी आहे, याचे भान मंडपात कोणालाच नसते.

कादंबरीच्या मध्यावर नवऱ्याबरोबर, म्हणजे रघुनाथरावांबरोबर, यमुना मुंबईस येते, आणि स्वतंत्र बिऱ्हाड थाटते. या प्रकरणांना काही टीकाकार संथ म्हणतात. माझे मत याच्या नेमके उलट आहे. दोघेच राहतात, बोलतात, वाचतात, समविचारी कुटुंबांत जातात-येतात, आणि नवरा दिवेलागणीच्या वेळी घरी येऊन बायकोशी चार गोष्टी करतो या अत्यंत सामान्य प्रसंगाला जी अपूर्वाई येते ती आधीच्या शेकडो पानांतील माजघरामुळे. प्रत्येक डिस्टोपियात अशी एक खोली असते. ऑर्वेलच्या कथेत ती एका जुन्या दुकानाच्या माडीवर आहे आणि तिच्या भिंतीत टेहळणीचे यंत्र लपवलेले आहे. मुंबईच्या बिऱ्हाडात यंत्र नाही, फितूर नाही, रघुनाथराव सच्चे आहेत. आणि तरीही ती खोली सुरक्षित नाही, कारण तिची सनदच मुळी हयातीची आहे. पूर्वी काही इनामे इनामदाराच्या हयातीपुरती असत, तो गेला की जमीन खालसा होई, आणि ती कसणाऱ्या कुळाने कितीही घाम गाळलेला असो, त्याला विचारण्याचा प्रश्नच येत नसे. यमुनेचे स्वातंत्र्य तसल्या इनामावरचे आहे. ते तिला एका चांगल्या पुरुषाने दिले, आणि तो पुरुष गेल्याबरोबर ते एका दिवसात जप्त झाले. चांगल्या नवऱ्याने प्रश्न सुटतो असे मानणाऱ्या सुधारकाला याहून कठोर उत्तर मराठीत कोणी दिलेले नाही, आणि ते देणारा स्वतः सुधारक होता.

पुढील प्रसंग सर्वांना ठाऊक असतो, न वाचताही. सासरच्या शंकरमामंजींच्या पुढाकाराने यमुनेचे केस काढले जातात. हा प्रसंग करुण म्हणून वाचण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्यातील कारभार आपल्या नजरेतून सुटतो. शिक्षा देणारे आहेत, शिक्षा अमलात आणणारा आहे, हत्यार आहे, पुढच्या आयुष्यासाठी आलवणाचा गणवेश आहे, एकवेळच्या जेवणाचा शिधा आहे, आणि हळदीकुंकवाच्या समारंभात कोठे उभे राहायचे नाही याची हद्दपारीची नोटीस आहे. नाही तो फक्त गुन्हा. नवरा मेला हाच अपराध, आणि त्याची चौकशी आवश्यक नाही. वस्तरा धरणारा न्हावी मात्र बाहेरचा. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केस कापण्याचे हे काम आपण करणार नाही असा ठराव तेथे झाला, हे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो, परंतु त्या ठरावाचा डिस्टोपियाच्या दृष्टीने अर्थ असा की व्यवस्थेतील सर्वांत खालच्या पायरीवरच्या अंमलदाराने हुकूम मानण्यास नकार दिला, आणि वरच्या पायऱ्यांवर बसलेले विद्वान मात्र शास्त्रार्थ करीत राहिले.

याच ठिकाणी या राज्याची सरहद्दही दिसते. ब्राह्मणेतर जातींपैकी कितीतरी जातींत विधवेचा पाट लागत असे; ज्या रखमाबाईंचा उल्लेख वर आला त्यांच्या आईनेही पहिला नवरा वारल्यावर जातीच्या रीतीने दुसरे लग्न केले होते. म्हणजे यमुनेच्या वाड्याच्या मागच्या गल्लीत, धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईच्या बिऱ्हाडात, जे घडू शकत होते ते यमुनेच्या माजघरात कल्पनेतही येत नव्हते. १८५६ चा पुनर्विवाहाचा कायदा झालेला होता, धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी विवाह केला तो कादंबरी ग्रंथरूपाने निघाली त्याच १८९३ साली, आणि तरी वाट अशी काही नव्हती. पाटाच्या जातींतील स्त्रिया सुखात होत्या असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्यांच्या वाट्याला कष्ट होते, मारहाण होती, आणि १८८२ सालीच ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलने’त, मराठ्यांच्या ज्या कुलीन घरांनी ब्राह्मणांचे पाहून पुनर्विवाह सोडला त्यांचा, चांगलाच समाचार घेतला होता. जुलूम हा प्रतिष्ठेचा दाखला झाला म्हणजे तो खालच्यांना हवाहवासा वाटू लागतो, ही गोष्ट युरोपीय कादंबऱ्यांत मला कोठे आढळली नाही.

भिंगांचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर प्रस्तावनाकार भिंगे विकावयास बसला आहे असे वाटेल. पहिला दोष असा की डिस्टोपियाला खलपुरुष हवा असतो, आणि तो शंकरमामंजींच्या रूपाने आयता मिळतो. हे पात्र ठसठशीत आहे, दांभिक, लंपट, तोंडाने देवाचे नाव घेत बायकोला, म्हणजे बिचाऱ्या उमासासूबाईंना, छळणारे. पण ते इतके काळे आहे की त्याच्यावर सर्व दोषाचे ओझे टाकून वाचक मोकळा होतो. कादंबरीचा तो कमकुवत दुवा आहे असे मी म्हणेन. शंकरमामंजी नसते तरी त्या घरात काय झाले असते? तेच झाले असते, कदाचित अधिक हळू आवाजात, अधिक डोळे पुसत. दुसरा दोष याहून मोठा. ऑर्वेलच्या राज्यात छळणाऱ्याला छळ होणाऱ्याविषयी माया नाही. येथे माया आहे. ज्या आजीने कडक शब्द लावले तीच आजी रात्री डोक्याला तेल चोळते, जो भाऊ बहिणीला शिकवण्यासाठी धडपडतो तो त्याच घरचे अन्न खातो, आणि सणवारी त्या माजघरात खरोखरीचे हसणे ऐकू येते. भिंगातून पाहिले तर ही माया लबाडीची वाटू लागते, आणि तसे समजणे हा अन्याय होईल; ती खरी होती, म्हणूनच त्या राज्याविरुद्ध बंड करणे इतके दुष्कर होते. तिसरी गोष्ट, हरिभाऊ निराशावादी नव्हते. पत्र काढणारा, नगरपालिकेत काम करणारा, उद्याच्या पिढीवर भरवसा ठेवणारा हा गृहस्थ. भविष्याची भीती घालण्यासाठी त्याने लेखणी धरली नव्हती, वर्तमानाची लाज वाटावी म्हणून धरली होती.

घर हेच राज्य होणे आणि राज्याने घरात शिरणे, हे दोन्ही प्रकार ओळखणारी मराठीत एक लेखिका होऊन गेली, तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. मालतीबाई बेडेकर यांनी विभावरी शिरूरकर या नावाने १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहून सुशिक्षित अविवाहित मुलींच्या घरातील घुसमट उघड केली, आणि वाचकवर्ग संतापला. त्याच लेखिकेने १९५० साली ‘बळी’ लिहिली, ती गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणाआड ठेवणाऱ्या सेटलमेंटमधील मांगगारुड्यांची. तेथे कुटुंब आहे, लेकरे आहेत, लग्नेही होतात. पण दिवसाची सुरुवात हजेरीने होते आणि कुंपणाबाहेर पाऊल टाकायचे तर पास लागतो. कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या माणसांचे ते जग कोणा युरोपीय लेखकाने कल्पनेने रचलेले नव्हते, ते लोक सोलापुरात राहत होते. यमुनेच्या वाड्यात सरकार उंबरठ्याबाहेर थांबले आणि ‘बळी’तल्या झोपडीत ते चुलीपर्यंत आले, दोन्ही कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचल्या तर घर आणि राज्य यांच्या नात्याविषयी जे कळते ते एकीतून कळणार नाही. या विषयावर स्वतंत्र प्रबंध लिहिला जावा अशी इच्छा व्यक्त करून येथे थांबतो.

एक गोष्ट राहिली, ती यमुनेच्या लिहिण्याची. झाम्यातिनचा नायक टिपणे लिहितो, ऑर्वेलचा नायक चोरून रोजनिशी लिहितो, अॅटवूडची नायिका आपली कहाणी ध्वनिफितींवर बोलून ठेवते. या जातीच्या कथांत पहिले बंड बहुधा कागदावर होते. यमुना आपली कहाणी आपणच सांगते हा हरिभाऊंनी केलेला निर्णय त्या काळच्या मराठी कादंबरीत साधा नव्हता. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’तही विधवांची दुःखे येतात, १८५७ साली, आणि नायिकेचे नावही यमुनाच, परंतु तेथे तिच्याविषयी बोलणारा लेखक आहे. येथे बाई बोलते. पुरुषाने तिच्या तोंडी घातलेले बोलणे ते, हे खरेच; पण पुढील चार दशकांत रमाबाई, पार्वतीबाई आठवले, लक्ष्मीबाई अशा प्रत्यक्षातल्या बाया आपली हकीकत आपण लिहू लागल्या, आणि त्यांतल्या पार्वतीबाईंनी तर वपन झालेल्या डोक्यावर पुन्हा केस राखले आणि १९२८ साली ‘माझी कहाणी’ छापली.

वाचकाला शेवटी एवढीच विनंती आहे की ही कादंबरी जाडजूड आहे म्हणून केशवपनाच्या प्रकरणाकडे उडी मारू नये, आणि लहानपणीची बाहुल्यांची व मैत्रीण दुर्गी हिच्याबरोबरच्या खेळांची पाने पोरकट म्हणून चाळून सोडू नयेत. आधी माहेरची प्रकरणे सावकाश वाचावीत, घरात कोण कोणाच्या परवानगीने बोलते याकडे लक्ष ठेवावे, आणि मुंबईची प्रकरणे संपली की पुस्तक एक दिवस मिटून ठेवून मगच पुढे जावे.